टोचणी

केनियाला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिंह उभे राहिले आणि आजीच्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी. नैरोबीला माझी आत्या असते. लेकीचा संसार आजीनं अजून पाहिलेला नाही. पीतज्वर नावाचा रोग आमच्या दोघींच्या गावीही नव्हता.

आत्या फोनवर म्हणाली, "लस टोचून पिवळं कार्ड घ्या." मला वाटलं, केनिया सरकारची अट असणार. पण गंमत अशी, की थेट भारतातून जाणाऱ्याला केनिया हे कार्ड मागत नाही. मागतो तो आपलाच देश, परत येताना! हा ताप डासांमार्फत पसरतो, आणि तो पसरवणारा डास, म्हणजे डेंग्यूवालाच, आपल्याकडे घरोघर आहे. रोग मात्र अजून इथं पसरलेला नाही. म्हणून कार्डाशिवाय तिकडून येणाऱ्याला सहा दिवस वेगळं ठेवतात.

तेव्हा दोघी पुण्याच्या केंद्रात जाऊन बसलो. एका कुपीत अनेकांची लस असते आणि कुपी उघडली की थोड्या तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून टोचतात. समोर फॉर्म आला : अंड्याची ॲलर्जी आहे का? आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे मी भीत भीत सांगितलं. "औषधाला कसलं आलंय सोवळं!" म्हणून तिनं बाही वर केली.

पण डॉक्टरांची नजर फॉर्मावरच्या जन्मसालावर गेली. १९५४.

"आजी, साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना विचार करावा लागतो. यात जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला. गंभीर त्रास फार क्वचित होतो, पण तरुणांपेक्षा तुमच्या वयाला जास्त. नैरोबी शहरात या तापाचा धोका कमी आहे. मी आग्रह करणार नाही. तसं कारण लिहून देतो. मात्र परत आल्यावर ते मानायचं की तुम्हाला सहा दिवस ठेवून घ्यायचं, हे तिथले अधिकारी ठरवतील."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर 'टोचा एकदाची!' सहा दिवसांची कटकट नको, कागदपत्रांची भानगड नको. आजीचं वय बारा वर्षांनी कमी लिहिलं असतं तर, असंही वाटून गेलं. फॉर्म मीच भरला होता.

आजी बाकावर येऊन बसली आणि धाकट्या भावाची गोष्ट सांगू लागली. ती पाच वर्षांची असताना गावात देवी काढणारा माणूस आला. पोराला ताप येईल म्हणून तिच्या आईनं भावाला कणगीमागं लपवलं. आजी अंगणात खेळत होती, ती सापडली. त्याच उन्हाळ्यात गावात देवी आल्या. भाऊ गेला. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, १९८० साली तो रोग जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. आजीच्या दंडावरचा वण तेवढा राहिला.

"त्यानं टोचलं म्हणून मी हाय," ती म्हणाली. "हा नको म्हणतोय, तर ह्याचंबी ऐकायचं. आन् सहा दिवसांचं काय सांगतोस? मी चातुर्मास काढलेत." (घाईत ती मला नेहमी मुलगाच करते.)

मी टोचून घेतलं. टायफॉइडचं इंजेक्शन, मोंबासाला गेलोच तर मलेरियाच्या गोळ्या, डासांचं मलम, उकळलेलं पाणी, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. पूर्वी ते दहा वर्षं चाले. २०१६ पासून जन्मभर चालतं.

एस. टी. त आजीनं माझा दंड उलटसुलट करून पाहिला.

"वण कुठाय?"

"याचा वण उठत नाही, आजी."

"मग टोचलं म्हणून दाखवायचं काय?"

मी पिवळं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते आपल्या पत्राबरोबर चंचीत घातलं आणि चंची कनवटीला खोचली.