चव्वेचाळिसाव्या वर्षीचे पदार्पण

मराठीच्या वर्गात 'पहिली कादंबरी' असे शब्द उच्चारले की आमच्यासमोर 'कोसला'च उभी राहते. १९६३ साली आलेली, पंचविशीतल्या लेखकाने झपाटल्यासारखी लिहून हातावेगळी केलेली. पहिली कादंबरी ही तारुण्याची गोष्ट आहे, ती येते तेव्हा एकदम येते, नाहीतर येतच नाही, ह्या समजुतीवर आमच्या पिढीचे पोषण झाले. डग्लस स्टुअर्ट ह्या स्कॉटिश कादंबरीकाराच्या वाटचालीने ही समजूत निदान आमच्यापुरती खिळखिळी केली. 'शगी बेन' ही त्याची पहिली कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिला बुकर पारितोषिक मिळाले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या गाठीशी दोन दशकांचा अनुभव होता तो कपड्यांच्या धंद्याचा.

स्टुअर्टचा जन्म १९७६ सालचा, ग्लासगोचा. जहाजबांधणी, पोलाद आणि खाणी ह्यांवर जगणारे ते शहर थॅचरबाईंच्या राजवटीत बेकार झाले. घरात पुस्तके नव्हती. आई दारूच्या आहारी गेलेली. तिला दारूपासून थोडा वेळ दूर ठेवण्यासाठी हा मुलगा एक खेळ खेळत असे : कागद घेऊन बसायचे आणि तिच्या आठवणी लिहून घेत असल्याचे नाटक करायचे. अर्पणपत्रिका ठरलेली असे. एलिझाबेथ टेलरला, जिला प्रेमातले काही कळत नाही. हे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. पुढे 'शगी बेन'मध्येही जवळजवळ हेच काम त्याने केले, असे आम्हांला वाटते. फरक इतकाच की तोवर आई हयात नव्हती. तो सोळा वर्षांचा असतानाच ती गेली होती.

आम्हां शिकवणाऱ्यांना ह्या चरित्रातला एक तपशील फार टोचतो. स्टुअर्टला इंग्रजी साहित्य शिकायचे होते. त्याच्यासारख्या घरातून आलेल्या मुलाला हे मानवणार नाही, असे सांगून एका शिक्षकाने त्याला परावृत्त केले. तो वस्त्रविद्येकडे वळला. आधी स्कॉटलंडमधले वस्त्रविद्येचे महाविद्यालय, मग लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, आणि चोविसाव्या वर्षी न्यूयॉर्क. केल्विन क्लाइन, राल्फ लॉरेन, बनाना रिपब्लिक अशा नामांकित कंपन्यांत त्याने वरच्या जागांवर काम केले. व्यवहाराच्या दृष्टीने शिक्षकाचा सल्ला फळला, असेच म्हणावे लागेल. मुलाला भाकरी मिळाली. आपल्याकडेही एम.ए. मराठीच्या प्रवेशासाठी आलेल्या गिरणीकामगाराच्या, शेतमजुराच्या मुलाला 'त्यापेक्षा आय.टी.आय. कर' असे सांगणारे असतात, आणि त्यांच्या पोटात माया असते हे आम्ही जाणतो. पण 'ह्यात पोट भरणार नाही' हे एक विधान झाले आणि 'हे तुझ्यासारख्यांचे नव्हे' हे दुसरे. पहिले नोकरीच्या बाजाराविषयीचे आहे. दुसरे साहित्य कोणाच्या मालकीचे, ह्याविषयीचे आहे. आणि ते आपल्याच टेबलावरून बोलले जाते.

२००८च्या सुमारास त्याने नोकरी सांभाळून लिहायला घेतले. पहिला खर्डा नऊशे पानांच्या घरात गेला. दहा वर्षे लेखन आणि पुनर्लेखन, मग तिसाहून अधिक प्रकाशकांचे नकार. बुकरच्या त्या वर्षीच्या सहा अंतिम पुस्तकांत चार पहिल्याच कादंबऱ्या होत्या. पैकी अवनी दोशी ह्यांची तर पुण्यात घडणारी.

'शगी बेन' ही नावाने मुलाची असली तरी ती आईची, अ‍ॅग्नेसची कादंबरी आहे. नवरा तिला आणि मुलांना बंद पडलेल्या खाणीच्या वस्तीत आणून टाकतो आणि तेथूनच निघून जातो. त्या काळवंडलेल्या वस्तीत ही बाई नीटनेटका कोट घालून, केस बसवून, ओठ रंगवून वावरते. शेजारणींना तो माज वाटतो. स्टुअर्टची नजर येथे फार तीक्ष्ण आहे. कापडाचा पोत, झिजलेली टाच, मोज्यातून गेलेला धागा ह्यांवरून तो माणसाची आठवड्याची मिळकत सांगू शकतो. वीस वर्षे कापड हाताळल्याशिवाय ही नजर येत नाही, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण ती कदाचित आईपासूनच आली असेल.

कादंबरीच्या मध्यावर अ‍ॅग्नेस वर्षभर दारू सोडते. युजीन नावाचा चांगला माणूस तिला भेटतो. एका जेवणाच्या वेळी तो तिला एक पेला घेण्याचा आग्रह करतो. त्यात दुष्टावा नाही. आपली बाई चारचौघींसारखी असावी, एवढेच त्याचे मागणे. अख्ख्या पुस्तकात ह्याहून क्रूर प्रसंग आम्हांला सापडला नाही, आणि तो लेखकाने आवाज न चढवता लिहिला आहे.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. स्टुअर्टच्या आधी बुकर मिळालेला स्कॉटिश लेखक एकच, जेम्स केल्मन. १९९४ साली त्याच्या कादंबरीला पारितोषिक मिळाले तेव्हा परीक्षकांपैकीच ज्यूलिया न्यूबर्गर ह्यांनी उघड नापसंती व्यक्त केली. वृत्तपत्रांतूनही टीका झाली. केल्मनचे निवेदनही ग्लासगोच्या बोलीत, शिव्यांसकट. स्टुअर्ट त्याला मानतो, पण त्याच्या वाटेने जात नाही. त्याची पात्रे ग्लासगोच्या बोलीत बोलतात. निवेदन मात्र प्रमाण इंग्रजीत चालते, मधूनमधून एखादा स्कॉट शब्द घेत. उद्धव शेळके ह्यांची 'धग' (१९६०) ज्यांनी शिकवली आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल : कौतिकचे बोलणे वऱ्हाडी, निवेदन प्रमाण मराठी. घर सावरू पाहणारी आणि त्यातच मोडून पडणारी आई हेही साम्य आहेच, पण ते फार ताणू नये. कौतिक कष्टाने घर सावरू पाहते. अ‍ॅग्नेसजवळ प्रतिष्ठेखेरीज हत्यार नाही. निवेदन प्रमाणभाषेत ठेवल्यामुळे स्टुअर्टला जगभरचा वाचक मिळाला, हे खरे. केल्मनने पत्करलेला धोका त्याने पत्करला नाही, हेही खरे.

दोष आहेत. उपमा जागोजागी टाचल्या आहेत. काही उसवून टाकल्या असत्या तर बरे झाले असते. 'यंग मंगो' (२०२२) ह्या दुसऱ्या कादंबरीत पुन्हा ग्लासगो, पुन्हा दारूडी आई, पुन्हा धाकटा मुलगा पाहून आम्ही थोडे धास्तावलो होतो. पण तेथे प्रॉटेस्टंट मंगो आणि कॅथलिक जेम्स ह्या दोन मुलांमधल्या प्रेमाने कथानकाला वेगळे वळण दिले आहे. 'शगी बेन'मधला थोरला भाऊ लीक आम्हांला अधिक आठवत राहतो. त्याला कलाशिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याचे पत्र आलेले असते. आईला सोडून जाता येत नाही म्हणून तो जात नाही; पत्र मात्र जपून ठेवतो. त्याला कोणा शिक्षकाने अडवलेले नाही.