मोसमी वाऱ्याचं माहेर

ल मॉर्नच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की एकाच वेळी तीन समुद्र दिसतात. पायाशी पोपटी पाणी, जेमतेम कमरेएवढं. त्यापुढे मोरपिशी. आणि पार तिकडे, प्रवाळाची भिंत संपते तिथे, गडद निळा हिंदी महासागर. त्या भिंतीवर लाटा फुटतायत, पांढऱ्याशुभ्र, एकीमागून एक. पाठीशी 556 मीटर उंचीचा काळा कातळ. आपला सह्याद्री कोकणपट्टीभर मागे सरून उभा राहतो. हा गडी मात्र थेट वाळूतून वर उठलाय!

मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला मी आले ती भाच्यामुळे. तो विंडसर्फिंग करतो. फळीवर शीड उभारायचं, आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत सुटायचं. 1984 पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पण भाच्याला शर्यत नको होती, लाट हवी होती, आणि तीही ‘वन आय’ नावाची.

कित्येक महिने त्याची तयारी चालली होती. कपड्यांची बॅग शेवटच्या रात्री भरली असेल, पण हवेचे नकाशे रोज बघणं चुकलं नाही. “मावशी, नुसता वारा असून भागत नाही, नुसती लाट असूनही नाही,” तो म्हणायचा. वारा येतो आग्नेयेकडून. लाट येते पार दक्षिणेकडून, चाळीस अंश अक्षांशाच्या खाली घोंघावणाऱ्या वादळांतून, हजारो किलोमीटर चालून. दोघांची गाठ पडेल असे दिवस निवडायचे, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर. लाटेच्या उंचीइतकंच तो दोन लाटांमधल्या सेकंदांकडे बघायचा. सात-आठ सेकंद असतील तर जवळच्या वाऱ्याने उठवलेली किरकोळ खळबळ. चौदा-पंधरा असतील तर लांबून आलेली, अंगात ताकद असलेली लाट.

आपल्याकडे याच दिवसांत होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राच्या वाटेला कुणी जात नाही. इथे नेमक्या याच दिवसांत जगभरचे लोक शिडं घेऊन हजर! सगळा किनारा लाल, पिवळ्या, जांभळ्या शिडांनी फुललेला. शिडं लहानच, चार-पाच चौरस मीटरची. वारा एवढा भरात असतो की मोठं शीड माणसालाच उचलून नेईल.

भाच्याने आधी खाजणातल्या शांत पाण्यात हात साफ केला. मग ‘मनावा’ नावाची लाट. उंच, पण स्वभावाने गरीब. आणि मग एका सकाळी वन आय. आम्ही बघे होडीत बसून जरा लांबच थांबलो.

पाणी आधी नुसतं फुगतं. मग एकाएकी भिंत होते, निळी, तुकतुकीत, सूर्य आरपार दिसावा अशी. कडेपासून ती कोसळायला लागते आणि कोसळण्याच्या पुढे, अवघ्या काही हातांवर, आमचं पोर! शीड आडवं होतंय, फळी लाटेच्या पायथ्याशी वळसा घेतेय, सरळ माथ्यावर चढतेय, तिथून तुषारांचा पंखा उडवून पुन्हा खाली. माझा श्वास अडकलेला. एवढ्यात दुसरा एक जण फेसात दिसेनासा झाला. वर आलं ते मोडलेल्या डोलकाठीचं शीड, आणि त्याच्या मागून, देवाच्या दयेने, तो स्वतः. खाली धारदार प्रवाळ आहे, तेही उथळ. शिवाय लाटांनी आत लोटलेलं सगळं पाणी भिंतीतल्या खिंडीतून पुन्हा बाहेर धावतं. त्या ओढीत सापडलेला माणूस खोल समुद्रातच निघतो.

आणि हा वारा तरी कुणाचा? मॉरिशसच्या दक्षिणेला आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हवेचा मोठा दाब साठतो. त्याला मस्कारेन उच्चदाब म्हणतात. तिथून सुटलेला आग्नेय वारा विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो, वाटेत बाष्प पितो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन आपल्या सह्याद्रीवर आदळतो. आपले हवामानशास्त्रज्ञ उगाच नाही या दाबावर डोळा ठेवून बसत. भाच्याचं शीड फुगवणारा वारा म्हणजे आंबोलीचा पाऊस, फक्त अजून कोरडा!

या समुद्रावरून माणसंही आली. ल मॉर्नच्या कड्यांवर पळून आलेले गुलाम लपून राहत. 1835 साली गुलामगिरी सुटली. सुटकेची बातमी घेऊन शिपाई डोंगरावर आले, तेव्हा ते धरायलाच आलेत असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. 2008 मध्ये हा डोंगर जागतिक वारसा ठरला. गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांत करारावर हिंदुस्थानी मजूर आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून बोटीत बसलेली आपली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात आणि मूर्ती याच समुद्रात पोचवतात. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी! देश तरी केवढा? अख्ख्या मॉरिशसची वस्ती आपल्या नाशिक शहराहून कमी.

रस्त्याकडेला गरमागरम धोलपुरी मिळते. वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, आत घेवड्याची आमटी आणि मिरचीचा ठेचा, दोन-दोनच्या जोडीने गुंडाळलेली. गूळ विसरलेली पुरणपोळीच जणू. समुद्रातून दमून आलेली पोरं ती उभ्या उभ्याच फस्त करतात.

तुम्हालाही शीड धरायची हौस असेल तर जरूर जा. पण पहिले दिवस खाजणात काढा, पायात जाड तळव्याचे बूट असू द्या, खिंडीची ओढ कुठे आहे ते तिथल्या माणसांना विचारा आणि वन आयवर कधीही एकटे जाऊ नका. हौस नसेल तरी जा. होडीतून बघायला पोहता यावं लागत नाही.