चाळणी कधी लावायची

मोताळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मी बरीच वर्षं चौथीचा वर्ग घेतला. त्यामुळे रोहिणखेडहून आधी म्युनिकला मुलीकडे आणि मग हेलसिंकीजवळच्या एस्पोला पुतण्याकडे गेले, तेव्हा माझं निम्मं लक्ष शाळांकडेच होतं.

म्युनिकचा नातू तेव्हा चौथीतच होता. सकाळी दप्तर अडकवून एकटा चालत शाळेत जायचा. त्या वर्षी पोलीस मुलांना सायकल चालवायला शिकवतात: वळताना हात कसा दाखवायचा, चौकात कुठं थांबायचं. शेवटी परीक्षाही घेतात. पोरावर एवढा भरवसा टाकलेला पाहून मला फार बरं वाटलं.

पण त्याच चौथीत, मे महिन्यात, एक गुणपत्रक हातात पडतं. तिथे १ सगळ्यांत चांगला आणि ६ सगळ्यांत वाईट. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली, तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. नाही तर दुसरी वाट. पुढे वाट बदलता येते, पण आईबापांचा जीव टांगणीला लागतो तो याच वर्षी. मुलगी-जावई रात्री स्वयंपाकघरात आकडेमोड करत बसायचे आणि माझ्या शेजारी पडलेला नातू जागाच असायचा. एकदा म्हणाला, "आजी, गणितात ३ आला तर माझे मित्र दुसऱ्या शाळेत जातील ना?" काय सांगणार त्याला!

एस्पोत पुतण्याची मुलगी सहा वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं आणि त्याची घाई कुणालाच नव्हती. तिथली शाळा सातव्या वर्षी सुरू होते, त्याआधी एक वर्ष पूर्वशाळा. बर्फातसुद्धा मुलं बाहेर खेळतात. शाळेच्या दाराशी बूट काढून पायमोज्यांवर वर्गात जातात. मला आमच्या ओट्यावरच्या चपलांच्या रांगा आठवल्या. पण मनात ठसलं ते वेगळंच. सोळाव्या वर्षापर्यंत, नऊही इयत्ता, सगळी मुलं एकत्र. फिनलंडमध्येही पूर्वी चौथीनंतर निवड व्हायची. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून पाच वर्षांत त्यांनी ती मोडली. दुपारचं जेवण तर १९४८ पासून सगळ्यांना मोफत. इंजिनिअरचं पोर आणि बसचालकाचं पोर एकाच रांगेत ताट घेऊन उभं. अलीकडे आंतरराष्ट्रीय चाचण्यांत फिनलंड घसरलाय, हेही पुतण्यानेच सांगितलं. तरी माझं मत फिनलंडलाच.

आणि ज्या जर्मनीवर मी नाराज होते, तिनेही १९२० च्या कायद्याने श्रीमंतांच्या वेगळ्या पूर्वशाळा बंद करायचं ठरवलं. पहिली चार वर्षं तरी सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून.

आणि इकडे, आमच्या घाटाखालच्या गावांत, सकाळी कॉन्व्हेंटच्या गाड्या येतात. तीन वर्षांची, अर्धवट झोपेतली लेकरं गळ्यात टाय बांधून आत बसतात. बव्हेरियात दहाव्या वर्षी निदान गुण तरी बघतात. आपण तिसऱ्या वर्षी बापाचा खिसा बघून चाळणी लावतो. गावच्या शाळेत उरतात मजुरांची आणि कोरडवाहू वावरवाल्यांची पोरं. शाळेत खिचडी शिजते, पण गाडीतलं लेकरू त्या पंगतीला नसतं.

माझ्या वर्गात एका बसकरपट्टीवर सरपंचाचा मुलगा आणि त्यांच्याच सालदाराचा मुलगा बसायचे. भागाकार अडला की सरपंचाचा मुलगा सालदाराच्या मुलाच्या पाटीत डोकवायचा. आणि वर्गाचं काही अडलं की सरपंच दुसऱ्या दिवशी दारात हजर. असा बाप पोरासकट शाळेतून निघून गेला, की उरलेल्या पोरांसाठी भांडणारं कोण राहतं?

शेजारच्या सुनेनं परवा विचारलं, "मॅडम, पोराला कॉन्व्हेंटात टाकू का?" मी म्हटलं, आत्ता अंगणवाडीत पाठव, सहाव्या वर्षी गावच्या शाळेत घाल, आणि पालकांच्या बैठकीला तू स्वतः येत जा, मीही येईन. तिच्या जावेची दोन्ही मुलं गाडीनं जातात. नवऱ्याशी बोलून सांगते म्हणाली.