काल्याचं कीर्तन, चार बाजूंनी

क्वाड्राफोनिकचा, म्हणजे चार स्पीकरांतून चार बाजूंनी येणाऱ्या आवाजाचा, खेळ परदेशात 1970च्या दशकातच आटोपला होता. सीबीएसची एसक्यू पद्धत 1971ची, सान्सुईची क्यूएस वेगळी, जेव्हीसीची सीडी-फोर तिसरीच. एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना, चार-चार स्पीकर मांडायला घरात जागा नसे, शेवटी कंपन्यांनीच नाद सोडला. त्यांची चूल विझल्यावर मी नगरमध्ये फुंकणी घेऊन बसलो.

थोडा दोष ‘शोले’चा. मुंबईला मिनर्व्हात सत्तर एमएमच्या पडद्यावर तो पाहिला. आवाज सहा ट्रॅकचा. उडवलेलं नाणं माझ्याच खुर्चीजवळ पडलं असं वाटलं आणि तिथून माझं डोकं फिरलं. पुढे रेकॉर्डिंगच्या धंद्यात चार पैसे दिसू लागल्यावर मी मुंबईहून जुनं चार ट्रॅकचं स्पूल मशीन आणलं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एसक्यूचा एन्कोडर स्वतः जोडला. चार ट्रॅकचा आवाज दोन ट्रॅकमध्ये बसवायचा, म्हणजे तो साध्या कॅसेटवर मावतो. ज्याच्याकडे डीकोडर असेल त्याला पुन्हा चारही बाजू मिळतात. जिल्ह्यात डीकोडर एकच होता, माझा.

नेवासे तालुक्यातल्या एका गावानं अखंड हरिनाम सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाचं काम दिलं. वर्गणीतून आगाऊ रक्कमही दिली. त्यांचं मागणं साधं होतं: देवळावरच्या कर्ण्यांवर लावता येईल आणि पाहुण्यांना देता येईल अशी कॅसेट. ते मी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यातलंच काम सुरू केलं.

एक माईक महाराजांपुढे, दोन टाळकऱ्यांच्या दोन टोकांना, एक मृदंगापाशी. घरी आल्यावर खोलीच्या चार कोपऱ्यांत स्पीकर आणि बरोबर मध्ये खुर्ची. महाराज समोर ठेवले, टाळकरी मागच्या दोन कोपऱ्यांत आणि मृदंग नेमका पाठीमागे मधोमध, थाप मानेवर पडली पाहिजे म्हणून. म्हणजे ऐकणारा महाराज आणि टाळकरी यांच्या मध्ये उभा. कीर्तनात तिथे कुणीच उभं राहत नाही, हे मला सुचलं नाही. मधल्या घोषणाही कापल्या. अन्नदात्यांची नावं, ‘महाप्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये’, सगळं. मला ती अडगळ वाटली.

डेस्कवर मोनोचं एक बटण होतं. काम संपल्यावर ते एकदा दाबून पाहायचं, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांनाही शिकवत असे. त्या रात्री दाबलं नाही. वेळ होता, विसरलोही नव्हतो. चार बाजूंनी कीर्तन ऐकणाऱ्या माणसानं मोनो कशाला ऐकावं, असा माझा तोरा होता.

गावात कॅसेट लावली ती मंडळी जमवून. अ‍ॅम्प्लिफायर मोनो, डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच पिनमध्ये जोडलेल्या. महाराजांचा आवाज खणखणीत आला, टाळ आले, मृदंग नाही. दुसऱ्यांच्या माईकमध्ये शिरलेली एखादी थाप तेवढी अंधूक यायची. मी वायर हलवली, प्लग काढून घातला, टेपचं हेड पुसलं. दोष तिथे नाही हे मला एव्हाना कळलं होतं, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

म्हातारे विणेकरी जवळ आले. “का हो भाऊ, मृदंगवाले बुवा आधीच पंगतीला बसले व्हते का?”

एसक्यूमध्ये मागचे आवाज फेज नव्वद अंशांनी फिरवून दोन्ही बाजूंत मिसळतात. नेमका मागचा मधला आवाज डावीकडे आणि उजवीकडे सारखाच पण उलटा पडतो. दोन्ही बाजू एकत्र केल्या की बेरीज शून्य. हे मला माहीत होतं. एन्कोडर मीच तर जोडला होता. मृदंग नेमका त्याच जागी ठेवणाराही मीच.

उपायही त्याच सर्किटमध्ये होता. एका बाजूची फेज नव्वद अंशांनी फिरवून मग बेरीज केली की समोरचे महाराज आणि मागचा मृदंग, दोघेही सारख्याच जोरानं उरतात. तशी मोनो कॅसेट करून मी काही आठवड्यांनी गावात गेलो. तोवर गरज संपली होती. गावातल्या एका पोरानं काल्याच्या दिवशी आपला टू-इन-वन कर्ण्याखाली ठेवून बटण दाबलं होतं. त्यात महाराज होते, मृदंग होता, मध्येच रडणारं एक लेकरू होतं आणि अन्नदात्यांची नावं क्रमानं होती. त्या कॅसेटच्या नकला आसपासच्या गावांत पोचल्या होत्या. अध्यक्षांनी मला चहा पाजला आणि आगाऊ रक्कम पूर्ण परत मागितली. दिली. पुढच्या सप्ताहाचं काम त्या पोराला मिळालं.

स्पूल मशीन नंतर मुंबईच्याच एका गिऱ्हाईकाला विकलं, पडत्या भावात. मोनोचं बटण मात्र कामाला लागलं. आता तरुण मुलं अ‍ॅटमॉसमध्ये केलेली कामं ऐकवायला आणतात, डोक्यावरून आवाज फिरवतात, आणि मला ते खरंच आवडतं. मी फक्त विचारतो, हे कोण ऐकणार आणि कशावर? मग तेच गाणं त्यांच्याच फोनच्या स्पीकरवर लावायला सांगतो. काहींना राग येतो. मलाही आला असता.