फोटो डी ड्राइव्हला ठेव

साधारण २००० ते २०१०च्या दरम्यान ज्या घरांत पहिला कॉम्प्युटर आला, त्या घरांत एक काम कोणीही न नेमता कोणा एकाकडे यायचं. घरचे फोटो सांभाळायचं. ते कधी अकरावीतल्या मुलाकडे यायचं, कधी नुकतीच एमएस-सीआयटी पास झालेल्या मुलीकडे. मोठ्यांच्या हाताला माऊसची सवय नव्हती आणि फोटो तर सगळ्यांनाच हवे असायचे. गावाहून काकांचा फोन यायचा, "अगं, मुंजीचे फोटो सीडीवर टाकून ठेव, मी रविवारी येतोय." सीडीवर ७०० एमबी मावायचं. तेवढ्यात अख्खी मुंज बसवायची, पंगतीसकट.

त्याआधी रोलचा हिशेब होता. ३६ फोटो, त्यातले शेवटचे दोन-तीन गृहप्रवेशासाठी राखून ठेवलेले. धुवून आणल्यावर डोळे मिटलेला फोटोसुद्धा अल्बममध्ये लागायचा, कारण त्याचे पैसे दिलेले असायचे. डिजिटल कॅमेरा आला आणि फोटो ठेवायचा की काढून टाकायचा, हे घरच्यांच्या हातात आलं. कार्ड १२८ एमबीचं. सीमांतपूजन, हळद करत करत ऐन मुहूर्ताला भरायचं. मग आमच्यातलं कोणीतरी कार्यालयाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायचं आणि त्या इवल्याशा पडद्यावर एकेक फोटो बघत जागा करायचं. कॅमेऱ्यात डिलीट केलेला फोटो थेट जातो, त्याला रिसायकल बिन नसतो, हे तिथेच कळलं. आजोबांचा हललेला फोटो समोर आला की खांद्यावरून बघणारी आई म्हणायची, "असू दे तो. ते एरवी कुठे उभे राहतात फोटोला!" असे हललेले आजोबा पुष्कळ घरांत आजही आहेत, आणि ते ठेवले हे फार बरं झालं.

घरी आल्यावर केबल लावायची, डीसीआयएम नावाचं फोल्डर उघडायचं आणि आतलं सगळं उचलून कॉम्प्युटरवर टाकायचं. फोटोंना नावं नसायची, नुसते नंबर. नावं आम्ही फोल्डरला द्यायचो, इंग्रजी अक्षरांत मराठी: ताईलग्न, ताईलग्न नवीन, काकाकॅमेरा. घाईत असलो की न्यू फोल्डर टू.

काही महिन्यांनी कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागायचा. दुरुस्तीवाला दादा यायचा, थोडा वेळ बघायचा आणि म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्हला काही आहे का?" घरभर शांतता. विंडोज सी ड्राइव्हवर असते, फॉरमॅट मारला की तो ड्राइव्ह कोरा होतो, हे हळूहळू सगळ्यांना पाठ झालं. पण डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स ही दोन्ही ठिकाणं मुळात सी ड्राइव्हवरच असतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. डोळ्यांसमोर दिसतंय म्हणून सुरक्षित समजलेले कितीतरी घरांचे फोटो त्या एका गोष्टीने गेले. म्हणून तर "फोटो डी ड्राइव्हला ठेव" हे वाक्य आमच्या वयाच्या लोकांनी गॅस बंद केलास का, या चालीवर ऐकलं आहे.

पण फोटो जपण्याइतकंच ते पुसणंही आमच्याकडे यायचं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मावसबहिणीचा, ताईचा, साखरपुडा मोडला तेव्हा मावशी भर दुपारी घरी आली. पाणीही न पिता म्हणाली, "ते सगळे फोटो काढून टाक. परत कुठे दिसता कामा नयेत." ताई तिच्यामागे उभी होती. आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर बसलो. फोल्डर निवडून डिलीट केलं आणि रिसायकल बिन उघडून दाखवला. सगळे तिथे आलेले होते. हा डबा विंडोज ९५पासून आहे. विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक ड्राइव्हचा दहावा भाग त्याच्यासाठी राखलेला असायचा आणि तो भरेपर्यंत आत टाकलेलं तसंच राहायचं. तो रिकामा केला. मग फोटो आणखी कुठे कुठे गेलेत त्याचा शोध सुरू झाला. पेन ड्राइव्हवर एक प्रत होती. ताईच्या मेलमध्ये पाठवलेले होते. एक्सपी फोटोंच्या फोल्डरमध्ये थंब्ज नावाची लपलेली फाइल करायची, तिच्यात फोटोंच्या चिमुकल्या प्रती राहायच्या. तीही शोधून काढली. काकांना दिलेली सीडी राहिली होती. काकांनी ती स्वतःच मोडून दोन तुकडे मावशीच्या हातात दिले, एक अक्षर न बोलता. कायमचं पुसायचं तर आधी सगळं शोधावं लागतं, आणि शोधताना प्रत्येक फोटो पुन्हा बघावा लागतो. ताईने ते सगळे बघितले.

त्यातल्या एका फोटोत आजी होती. नऊवारी, नथ, हातात ओटीचं ताट, आणि चक्क कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. तेवढा एक समोर आल्यावर ताई म्हणाली, "थांब, आजी राहू दे." बाजूची माणसं कापून तिने नुसती आजी ठेवली आणि ती फाइल कुठेतरी सेव्ह केली.

पुढे तीन-चार वर्षांनी आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि सगळ्यांना तोच आठवत होता. सर्चमध्ये आजी टाकलं, काही नाही. तारखेने शोधलं, तर कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तारीख मूळपदावर जायची, त्यामुळे निम्मे फोटो भलत्याच वर्षाचे. शेवटी पिकासा हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर कामाला आलं. गूगलने ते २००४ साली विकत घेतलं होतं आणि २००९मध्ये त्यात चेहरे ओळखायची सोय आली. सगळी डिस्क चाळून त्याने आजीचे चेहरे एकाखाली एक मांडले. ओटीच्या ताटाचा भाग कापला गेलेली ती हसरी आजी त्यात होती. फोटोवर उजवं क्लिक करून लोकेट ऑन डिस्क दाबलं आणि फोल्डर उघडलं: डी ड्राइव्ह, ताईच्या कॉलेजच्या असाइनमेंट्समध्ये. मावशीच्या नजरेला पडू नये म्हणून तिने तो तिथे ठेवला होता. स्टुडिओवाल्याने फाइल बघितली आणि सांगितलं, "एवढासाच आहे, मोठा केला तर फाटेल." म्हणून आमच्याकडची आजीची तसबीर इतरांच्या मानाने लहान आहे.

या सगळ्यात कॉम्प्युटरची एक रीत आम्हाला उशिरा समजली. फाइल डिलीट होते तेव्हा फोटो लगेच पुसला जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचं नाव खोडावं आणि पानं मात्र तशीच राहावीत, तसं. ती जागा मोकळी आहे अशी फक्त नोंद होते. नवीन काही लिहिलं गेलं की मगच जुनं जातं. म्हणून कार्डावरून चुकून बारशाचे फोटो उडाले की जाणकार पहिलं वाक्य बोलायचा, "आता या कार्डावर एकही फोटो काढू नका." मग परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालायचं आणि सकाळी बाळ परत यायचं, काही फोटोंत खालचा अर्धा भाग करडा. आणि याच कारणाने, जुना कॉम्प्युटर भंगारात देताना आमच्यातल्या शहाण्यांनी हार्ड डिस्क काढून घेतली. फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधूनही घरची माणसं बाहेर निघू शकतात.

त्या हार्ड डिस्क अजून कपाटात आहेत. आयडीई या जुन्या जोडणीच्या, रुंद पट्टीच्या. पिकासा २०१६ साली बंद झालं. पण आयडीईवरून यूएसबीला जोडायची केबल बाजारात मिळते, आणि मागच्या दिवाळीत मावशीला शेजारी बसवून आम्ही एक डिस्क उघडली. मुंजीच्या एका फोटोत मागच्या रांगेत फेटा बांधलेले एक गृहस्थ होते, कोणालाच आठवेनात. मावशीने चष्मा वर केला, पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "हे आजीचे आतेभाऊ, बार्शीचे. सगळ्यांच्या आधी येऊन नारळ सोलायला बसायचे." ताईने फाइलचं नाव बदललं आणि बार्शीसकट ते लिहून टाकलं. मग मावशी म्हणाली, "पुढचा लाव."