करणी आणि खत

अनुवाद शिकवताना इंग्रजीतील ‘डीड’ या शब्दापाशी मला दरवेळी थबकावे लागते. पराक्रमाचे कृत्य ते ‘डीड’ आणि घराचे खरेदीखत तेही ‘डीड’. ‘डू’ या क्रियापदाच्या कुळातला हा शब्द. जर्मनमधील ‘टाट’ त्याचा सगोत्र. मग केलेली गोष्ट कागद कशी झाली? इंग्लंडमध्ये पूर्वी जमीन देणारा मनुष्य मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हाती ठेवी. पुढे सही करून, मोहोर उठवून हवाली केलेला कागद हीच कृती ठरली. तो व्यवहाराची केवळ नोंद नव्हे, स्वतःच व्यवहार होता. तेथे व्यक्तींच्या दस्तांवरील मोहोरेची अट १९८९ च्या कायद्याने गेली. शब्द मात्र राहिला.

हा इंग्रजीचाच विशेष म्हणावा, तर तसेही नाही. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायात, फेड न झालेल्या ऋणकोने व्याज चुकते करून नव्याने लिहून द्यावयाच्या रोख्याला ‘करण’ म्हटले आहे. धातू ‘कृ’, म्हणजे करणेच. ओडिशातील लेखनवृत्तीच्या ‘करण’ जातीच्या नावात आणि आपल्या ‘कुळकरणी’तही त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो.

मराठीने मात्र ही दोन टोके निराळी ठेवली. ‘करणी’ घरची, ‘खत’ मूळचे अरबी, ‘दस्तऐवज’ फारसी. दान हातावर पाणी सोडून होई. ताम्रपट त्याची साक्ष देई. ‘उदक सोडणे’ हा आपला वाक्प्रचार त्याचीच खूण आहे.

या फारकतीचे मोल मला माझ्या आत्याच्या हक्कसोडपत्राने उमगले. अकाली वैधव्य आल्यावर ती माहेरी परतली आणि तीस वर्षे तिने वडिलांचे शेत राखले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला मिळालेला वाटा तिने भावांच्या नावे सोडला, तोही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’, असे कागद म्हणतो. नोंदणी झाली, खत पक्के झाले. त्या तीस वर्षांच्या राबण्याचा त्यात एक शब्दही नाही. तिची म्हणून जी कृती तेथे उरली, ती एवढीच : अंगठ्याचा ठसा.

इंग्रजी शब्द या कागदाला तिचे ‘डीड’ म्हणून मोकळा होईल. मराठीत तेवढ्यावर सुटका नाही. खत तिचे आहे, हे खरे. पण करणी तिची होती का, हे निराळे विचारावेच लागते. कोशात एका शब्दापुढे दोन प्रतिशब्द मांडताना मला आता ते केवळ पर्याय वाटत नाहीत.