नोव्हेंबर १९४२ची ‘बंगाल’

जपानी युद्धनौका बुडाल्याचा विषय निघाला की ‘यामातो’चं नाव येतं. ७ एप्रिल १९४५, अमेरिकी विमानांचा मारा आणि सुमारे तीन हजार माणसं पाण्याखाली. मला मात्र तिच्याआधीची एक लढाई अधिक जवळची वाटते, कारण ती आपल्या खलाशांनी दिली.

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बंगाल’ होती. सुरुंग काढण्यासाठी बांधलेली ही छोटी नौका, तिच्यावर मुख्य तोफ एकच, तीही ७६ मिलिमीटरची. समोर आल्या ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’. मूळच्या व्यापारी, पण मोठ्या तोफा बसवून लढाऊ केलेल्या, दहा हजार टनांहून मोठ्या. कप्तान विल्सन यांनी ‘ओन्डिना’ला निसटायला सांगितलं आणि ‘बंगाल’चं नाक थेट शत्रूकडे वळवलं. ‘ओन्डिना’नंही आपली एकुलती तोफ डागली. एक गोळा वर्मी लागला, स्फोट झाले आणि ‘होकोकु मारू’ बुडाली. गोळा नेमका कुणाचा, हा वाद मला दुय्यम वाटतो. वळलेलं ते नाक मला विसरता येत नाही.

‘आयकोकु मारू’नं पुढे ‘ओन्डिना’ सोडून होड्यांत उतरलेल्या खलाशांवर गोळ्या झाडल्या. तरीही उरलेल्यांनी जहाजावर परत चढून ते फ्रीमँटलला नेलं. ‘बंगाल’ही तोफगोळे खाऊन दिएगो गार्सियाला पोहोचली.

आमचं भोंगवली भोर तालुक्यातलं. इथून समुद्र गाठायचा तर वरंधा घाट उतरावा लागतो, म्हणून लढाई म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मराठा पलटणच येते. खलाशी दूरचे वाटतात. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं या नौदलात गेली, त्यांची नावं आपल्या ओठांवर नाहीत. झेंडा परका होता, ऑगस्टमध्येच ‘चले जाव’ झालं होतं, हे खरं. पण त्याच नोव्हेंबरच्या २३ तारखेला मुंबईहून मोंबासाकडे निघालेली ‘तिलावा’ ही प्रवासी बोट जपानी पाणबुडीनं बुडवली, २८० माणसं गेली. त्या समुद्रावर आपलीच माणसं होती.

१८ फेब्रुवारी १९४६ला याच नौदलाचे नाविक मुंबईत इंग्रजांविरुद्ध उठले. त्या उठावाला आपण आपलं म्हणतो. कान्होजी आंग्रे शिकवून झाल्यावर भोरच्या मुलांना ‘बंगाल’ही सांगावी असं मला मनापासून वाटतं, आणि सांगताना ‘होकोकु मारू’वर मेलेल्यांनाही वगळू नये.